काळाचं सरकारी ऑफिस : 'लोकी' मालिकेत दडलेल्या जुन्या विज्ञानकथा

नॉर्स पुराणांतला खोडकर देव लोकी याला पकडून एका ऑफिसात आणलंय. टेबलामागचा कारकून त्याच्यापुढे कागदांचा भलामोठा गठ्ठा ठेवतो. लोकीने आजवर उच्चारलेला प्रत्येक शब्द त्यात टाइप केलेला आहे, आणि बरोबर आहे म्हणून त्याने खाली सही करायची आहे. लोकी वैतागून काहीतरी पुटपुटतो. शेजारचं यंत्र खरखरतं, तेही वाक्य छापून बाहेर येतं. आता त्याच्यावरही सही. पुढच्या खोलीत दाराच्या चौकटीसारखं एक यंत्र उभं आहे. तिथला कर्मचारी पाठ केल्यासारखं विचारतो, तुमच्या माहितीप्रमाणे तुम्ही सजीव आहात ना, यंत्रमानव नाही ना? यंत्रमानव असाल तर या चौकटीतून जाताना आतून वितळून जाल. लोकी पाऊल उचलतो आणि थबकतो. मी यंत्रमानव असेन आणि मलाच ते माहीत नसेल तर?

'लोकी' मालिकेचा पहिला भाग 9 जून 2021 रोजी डिस्ने प्लसवर आला, त्यातलं हे दृश्य. बघताना हसू येतं. पण लोकीला त्या दारात पडलेला प्रश्न त्याचा स्वतःचा नाही. फिलिप के. डिक यांच्या 1968 च्या 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?' या कादंबरीत आणि तिच्यावरून 1982 साली आलेल्या 'ब्लेड रनर' या चित्रपटात रेचल नावाची तरुणी आहे. आपण माणूस आहोत अशी तिची खात्री असते, आणि चाचणीत कळतं की ती बनवलेली आहे. तिथे हा प्रश्न सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. 'लोकी'त तो पंधरा सेकंदांच्या विनोदात उरकलाय. निदान तेव्हा तरी तसं वाटतं, कारण या ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांनाच आपण कोण आहोत हे माहीत नाही, हे पुढे चौथ्या भागापर्यंत उलगडत जातं.

सुपरहिरो मालिकांमध्ये असे संदर्भ शोधणं हा चाहत्यांचा आवडता उद्योग. भिंतीवरचं पोस्टर, पात्राचं नाव, भागाचं शीर्षक. ओळखलं, खूश झालो, पुढे गेलो. 'लोकी'त असे संदर्भ ढिगाने आहेत आणि त्यांची यादी करणारे व्हिडिओही ढिगाने आहेत. मला जास्त रस आहे तो दुसऱ्या गोष्टीत. ही मालिका सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या विज्ञानकथांमधले वाद उचलते आणि त्यांत स्वतःचं मत देते. ते मत कळायला आधी मूळ वाद काय होता ते माहीत असावं लागतं. ते सांगताना दोन्ही सीझनचे शेवट फुटणार आहेत, तेव्हा ज्यांना आधी बघायचंय त्यांनी इथेच थांबावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' या 2019 च्या चित्रपटात नायक मंडळी भूतकाळात जातात आणि त्यांच्या गोंधळात 2012 सालचा लोकी निसटतो. मूळ इतिहासात हे घडलेलं नव्हतं. म्हणून 'टाइम व्हेरिअन्स ऑथॉरिटी', म्हणजे टीव्हीए, त्याला अटक करते. टीव्हीए हे काळाच्या बाहेर असलेलं ऑफिस आहे. काळाची एकच 'पवित्र' रेषा असावी आणि तिला फाटे फुटू नयेत, हे त्यांचं काम. कोणी ठरल्यापेक्षा वेगळं वागलं की फाटा फुटतो. मग वर्दीतले शिपाई येतात, तो फाटा 'छाटतात' आणि माणसाला पकडून नेतात. हे सगळं तीन 'टाइम कीपर्स'नी ठरवलंय असं सांगितलं जातं. त्यांना बघितलेलं मात्र फार थोड्यांनी.

काळाचे कारकून

काळावर देखरेख करणारी कचेरी ही कल्पना मार्व्हलची, म्हणजे ही मालिका काढणाऱ्या कॉमिक्स कंपनीची, नाही. कॉमिक्समध्ये टीव्हीए पहिल्यांदा आली 1986 साली, 'थॉर'च्या 372 व्या अंकात. त्याच्या एकतीस वर्षं आधी, 1955 मध्ये, आयझॅक असिमोव्ह यांची 'द एंड ऑफ इटर्निटी' ही कादंबरी आली होती. मालिकेत तिचं नाव कुठेच येत नाही. तरी ती वाचलेल्या माणसाला टीव्हीएची पहिली झलक दिसली की ती आठवल्याशिवाय राहत नाही.

असिमोव्हच्या कादंबरीत 'इटर्निटी' नावाची संस्था आहे. ती काळाच्या बाहेर वसलेली आहे आणि शतकाशतकांत तिची कार्यालयं आहेत. तिची माणसं किशोरवयातच आपापल्या काळातून उचलून आणलेली असतात. तिथे पदांची उतरंड आहे: निरीक्षक, गणक, तंत्रज्ञ. माणसांचं दुःख कमी करायचं म्हणून ते इतिहास बदलतात, तोही कमीत कमी ढवळाढवळीत. 'किमान आवश्यक बदल' असा त्यांचा पारिभाषिक शब्दच आहे. कादंबरीचा नायक अँड्र्यू हार्लन तंत्रज्ञ आहे. एका शतकात जाऊन तो एका यंत्रात किरकोळ बिघाड करतो. त्यामुळे एक तरुण एका व्याख्यानाला पोचू शकत नाही. व्याख्यान चुकल्यामुळे तो एका विशिष्ट शास्त्राकडे वळत नाही, आणि परिणामांची साखळी लांबत लांबत शेवटी एक युद्ध इतिहासातून पुसलं जातं. रक्ताचा थेंब न सांडता युद्ध टळलं, आणखी काय हवं?

हवं ते असिमोव्ह शेवटाकडे सांगतात. दर वेळी धोका टाळत गेल्यामुळे माणसाची जात सुरक्षित राहते, पण घरकोंबडी होते. अवकाशात जायचं धाडस संकटांतून येतं आणि संकटं तर या संस्थेने आधीच छाटून टाकलेली. माणसं बाहेर पडतात तोवर आकाशगंगा दुसऱ्यांनी व्यापलेली असते. मग हार्लनपुढे निवड येते: संस्था टिकवायची, की ती जन्मालाच येणार नाही असं काहीतरी करायचं. तो दुसरं निवडतो. त्याची किंमतही असिमोव्ह लपवत नाहीत. संस्था नसलेल्या त्या नव्या इतिहासात पहिला अणुस्फोट कित्येक शतकं अलीकडे सरकतो आणि 1945 साली होतो. म्हणजे ज्या इतिहासात आपण राहतो, तो. हिरोशिमाला जेमतेम दहा वर्षं झालेली असताना एका लेखकाने हे लिहिलं. बॉम्बसकट येणारं स्वातंत्र्य हवं, की कोणीतरी वरून राखलेली शांतता?

'लोकी'चा पहिला सीझन हाच प्रश्न विचारतो, फक्त पात्रं बदलून. फरक एवढाच की असिमोव्हच्या कर्मचाऱ्यांना आपण कुठून आलो हे आठवतं. टीव्हीएच्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी पुसलेल्या आहेत; आपल्याला टाइम कीपर्सनी घडवलं अशी त्यांची समजूत आहे. केसी नावाचा कारकून आहे. लोकी त्याला धमकावतो की माशासारखा चिरून काढीन. केसी गांगरून विचारतो, मासा म्हणजे काय? जन्मभर टेबलामागे बसलेल्या त्याला मासा माहीत नाही. त्याच्याच ड्रॉवरमध्ये इन्फिनिटी स्टोन्स पडलेले असतात, म्हणजे मागच्या दहाएक वर्षांचे सगळे मार्व्हल चित्रपट ज्यांच्यामागे धावत होते ते सर्वशक्तिमान खडे. ऑफिसातले काही जण ते पेपरवेट म्हणून वापरतात. सत्ता कुठे असते हे समजावायला याहून लांब भाषणाची गरज नाही.

कॉमिक्समधून आलेला एक खास आतला विनोदही इथे आहे. ओवेन विल्सनने साकारलेला मोबियस हा टीव्हीएचा अधिकारी कॉमिक्समध्ये मार्क ग्रुएनवाल्ड या मार्व्हलच्या संपादकावर बेतलेला आहे. मार्व्हलच्या हजारो अंकांतली कोणती घटना कधी घडली, कशाचा कशाशी मेळ बसतो, हे तोंडपाठ असलेला माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. म्हणजे काळाच्या रेषेला फाटे फुटू न देणारं ऑफिस ही मुळात संपादकीय विभागाची थट्टा. 'पवित्र काळरेषा' म्हणजे कंपनीला मान्य असलेली अधिकृत कथा, आणि बाकी सगळं छाटायचं.

मरणारच असलेला प्राणी

दुसऱ्या भागात जेवणाच्या टेबलावरचा एक प्रसंग आहे. मोबियस सॅलड खायला बसलाय. लोकी ते सॅलड आपल्यापुढे ओढतो आणि म्हणतो, समजा हे अस्गार्ड आहे, माझं घर, देवांचं नगर. अस्गार्ड आता नष्ट होणार आहे. मग मी तिथे जाऊन काहीही केलं तर? तो सॅलडवर मीठ ओततो, मिरपूड ओततो, केसीचा ज्यूस ओततो. काही फरक पडत नाही, कारण सगळंच संपणार आहे. म्हणून टीव्हीएपासून लपायची उत्तम जागा कोणती? जगबुडीच्या आदल्या क्षणाची. तिथे कितीही धुमाकूळ घाला, पुढे पोचणारं काही उरतच नाही, मग फाटा फुटणार कसा? खात्री करायला दोघं इसवी सन 79 मधल्या पाँपेईत जातात. व्हेसुव्हियसचा उद्रेक होणार असतो. लोकी भर रस्त्यात ओरडून सांगतो की मी भविष्यातून आलोय. टीव्हीएच्या यंत्राचा काटाही हलत नाही.

हा तर्क हुशार आहे, पण नवा नाही. रे ब्रॅडबरी यांची 1952 ची 'अ साउंड ऑफ थंडर' ही कथा सगळ्यांना आठवते ती फुलपाखरासाठी. भूतकाळात डायनोसॉरच्या शिकारीला गेलेला एक्केल्स घाबरून ठरलेल्या वाटेवरून खाली उतरतो, त्याच्या बुटाखाली फुलपाखरू चिरडतं, आणि परत येऊन बघतो तर पाट्यांवरचं स्पेलिंग बदललेलं आणि निवडणुकीत भलताच माणूस जिंकलेला. कालप्रवासाची कुठलीही गोष्ट सांगताना हे फुलपाखरू आणलंच जातं. पण त्याच कथेत एक बारकावा आहे, ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. शिकार आयोजित करणाऱ्या कंपनीचा माणूस आधीच भूतकाळात जाऊन आलेला असतो. कोणता प्राणी पुढच्या काही मिनिटांत झाड कोसळून किंवा असंच काही होऊन मरणार आहे हे त्याने हेरून ठेवलेलं असतं, आणि त्या प्राण्यावर लाल रंगाची खूण केलेली असते. गोळी घालायची ती फक्त त्यालाच. तो मरणारच होता, मग आपण मारला तर इतिहासाचं काय बिघडतं?

लोकीचं सॅलड म्हणजे ही लाल खूण आहे. ब्रॅडबरीने एकाच कथेत दोन्ही बाजू मांडल्या होत्या: मरणाऱ्याला मारलं तर चालतं, जगणाऱ्याला चिरडलं तर जग बदलतं. पुढच्या शेकडो लेखकांनी फुलपाखरू उचललं, या मालिकेच्या लेखकांनी लाल खूण उचलली. मला हा पूर्ण मालिकेतला सगळ्यात चलाख संदर्भ वाटतो. त्यांनी तो मुद्दाम घेतला की नकळत आला, याने माझ्या मते काही बिघडत नाही.

एक रेषा की अनेक फाटे

इथे एक तांत्रिक फरक नीट समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जातं. कालप्रवासाच्या गोष्टींत इतिहास बदलला की काय होतं, याची ढोबळ मानाने दोन उत्तरं आहेत. असिमोव्ह आणि ब्रॅडबरी यांच्याकडे एकच वास्तव आहे. बदल झाला की जुनं पुसलं जातं आणि त्याच जागी नवं लिहिलं जातं. पुसल्या गेलेल्या जगातली माणसं मेली असंही म्हणता येत नाही. ती कधी नव्हतीच. दुसऱ्या उत्तरात जुनं जग तसंच राहतं आणि बदललेलं जग शेजारी नवा फाटा म्हणून वाढू लागतं. भौतिकशास्त्रात ह्यू एव्हरेट यांनी 1957 मध्ये पुंजयांत्रिकीचा (क्वांटम मेकॅनिक्सचा) असाच एक अर्थ मांडला, की शक्य असलेले सगळे परिणाम प्रत्यक्षात येतात, फक्त वेगवेगळ्या शाखांमध्ये. कथाकारांना त्यातून मोठं रान मोकळं झालं.

मराठी वाचकाला हे दुसरं उत्तर समजावून सांगायला परदेशात जायचं कारण नाही. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर एका अशा जगात पोचतात, जिथे 1761 ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. तिथल्या बखरीत विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून जाते, अंतर म्हणाल तर तिळाएवढं. आपल्या जगात ती लागली. तेवढ्या फरकातून पेशवाई, इंग्रज, मुंबई, सगळ्याचंच भविष्य वेगळं होतं. टीव्हीएच्या भाषेत बोलायचं तर ती गोळी म्हणजे फाटा फुटण्याचा क्षण, आणि गंगाधरपंत म्हणजे चुकीच्या शाखेत सापडलेला इसम. ते वर्दीवाल्यांच्या हाती लागले असते तर त्यांनाही स्वतःच्या प्रत्येक वाक्याखाली सही करावी लागली असती, आणि प्राध्यापक असल्याने गठ्ठा भलताच मोठा झाला असता.

नारळीकरांची कथा दोन्ही जगं खरी मानते आणि कोणालाच छाटत नाही. 'लोकी'त फाटा वाढत वाढत एका लाल रेषेपलीकडे गेला की तो छाटता येत नाही, म्हणून त्याआधी तो जाळून टाकायची घाई. दुसऱ्या सीझनमध्ये पडद्यावर हे फाटे एकामागून एक विझताना दिसतात आणि बी-15 ही अधिकारी हतबल होऊन म्हणते, ही माणसं आहेत. असिमोव्हच्या कारकुनांना असा धक्का बसत नव्हता, कारण त्यांच्या हिशोबात पुसलेलं जग कधी अस्तित्वातच नव्हतं. फाट्यांचं गणित स्वीकारलं की छाटणी हे हत्याकांड ठरतं.

कोणीच न लिहिलेलं पुस्तक

दुसऱ्या सीझनमध्ये ओबी येतो. पूर्ण नाव ऊरोबोरस, म्हणजे आपलीच शेपटी गिळणारा साप. की हुई क्वान या नटाने तो साकारलाय. टीव्हीएच्या तळघरात एकटाच बसून यंत्रं दुरुस्त करणारा, कोणी भेटायला आलं की हरखून जाणारा. टीव्हीएची सगळी यंत्रं कशी चालतात याची मार्गदर्शक पुस्तिका त्यानेच लिहिलेली आहे.

आता नीट बघा. ही पुस्तिका 1868 सालच्या शिकागोत एका गरीब मुलाच्या खिडकीतून आत टाकली जाते. तो मुलगा, व्हिक्टर टाइमली, ती वाचून मोठा होतो आणि तिच्या आधारे यंत्रं बनवू लागतो. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तो ती लोकांना दाखवतो. पुढे टाइमली आणि ओबी समोरासमोर येतात. टाइमली म्हणतो, मी जे शिकलो ते तुमच्या पुस्तिकेतून. ओबी म्हणतो, मी ती लिहिली ती तुमच्या कामावरून. दोघं एकमेकांकडे बघत राहतात. मग मुळात हे ज्ञान आलं कुठून?

उत्तर: कुठूनच नाही. या कोड्याला 'बूटस्ट्रॅप पॅराडॉक्स' म्हणतात, आणि ते नाव रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 1941 च्या 'बाय हिज बूटस्ट्रॅप्स' या कथेवरून पडलंय. बॉब विल्सन नावाचा विद्यार्थी खोलीत बसून प्रबंध लिहीत असतो. हवेत एक वर्तुळ उघडतं आणि त्यातून एक माणूस बाहेर येतो. तो बॉबच असतो, थोडा पुढच्या वेळेतला. बॉब भविष्यात जातो. तिथली भाषा त्याला येत नाही, पण एक वही सापडते, त्यात शब्द आणि अर्थ लिहिलेले असतात. त्या वहीवरून तो भाषा शिकतो. वर्षं जातात, वही फाटायला येते, म्हणून तो तिची स्वच्छ नक्कल करतो. आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपल्याला सापडलेली वही हीच नक्कल होती. शब्द गोळा करायचे कष्ट कोणीच घेतलेले नाहीत.

लक्षात घ्या, या गोष्टीत भूतकाळात जाऊन आपल्याच आजोबांना मारणं वगैरे विसंगती नाही. सगळं काटेकोर जुळतं. घटनांची साखळी कुठेही तुटत नाही, फक्त तिला सुरुवात नाही, आणि तर्काला खटकतं ते एवढंच. वस्तू फिरत राहिली तर ती झिजेल, म्हणून हाइनलाइनने हुशारीने वही झिजवली आणि नक्कल करायला लावली; फिरत राहते ती माहिती. 'लोकी'नेही तेच केलंय, आणि पाचव्या भागात वर आणखी एक वेटोळं घातलंय. त्या भागाचं नावच 'सायन्स/फिक्शन' आहे. टीव्हीए नष्ट झाल्यावर लोकी ओबीला त्याच्या मूळ आयुष्यात शोधून काढतो. तिथे तो ए. डी. डग आहे, 1994 सालच्या पॅसाडिनातला भौतिकशास्त्रज्ञ, आणि कोणी विकत न घेणाऱ्या विज्ञानकथांचा लेखक. लोकी त्याच्या हातात पुस्तिका देतो, जी तो अजून लिहिणार आहे. डग ती वाचून कालप्रवासाचं यंत्र बनवतो. त्याला दीड वर्षाहून जास्त काळ लागतो. लोकीच्या लेखी मधे एक क्षण गेलेला असतो.

पडेल विज्ञानकथालेखक जगाला वाचवायचं यंत्र बनवतो, हा मालिकेने विज्ञानकथेच्या लेखकांना केलेला उघड सलाम आहे. थोडा लाडिकही आहे. पण डगच्या तोंडी एक कामाचा मुद्दा घातलाय: विज्ञान काय आणि कसं ते सांगतं, का ते सांगायला कथा लागते. त्यावरूनच लोकीला काळात हवं तिथे कसं जायचं याची किल्ली मिळते.

कारण तोवर लोकी काळात घसरत असतो. मध्येच शरीर ताणलं जातं, वेदना होतात, आणि तो टीव्हीएच्या भूतकाळात किंवा भविष्यात जाऊन पडतो. कर्ट व्हॉनेगट यांच्या 1969 च्या 'स्लॉटरहाउस-फाइव्ह'चा नायक बिली पिलग्रिम असाच काळातून सुटा झालेला आहे. डोळे मिटतो म्हातारा म्हणून आणि उघडतो तो लग्नाच्या दिवशी. बिलीला यावर कधीच ताबा मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धातली ड्रेस्डेनची बॉम्बफेक पाहिलेल्या माणसाच्या स्मृतीचं ते चित्र आहे आणि तिथे ताबा मिळणं खोटं वाटलं असतं. लोकी देव असल्यामुळे तो शिकतो. सुपरहिरो मालिकेची ही सोय आहे आणि मर्यादाही.

या घसरण्याचा एक गमतीचा उपयोग दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात आहे. लोकी भूतकाळातल्या ओबीशी बोलतोय, आणि वर्तमानात मोबियससमोर बसलेल्या ओबीला ते बोलणं त्याच क्षणी 'आठवायला' लागतं. दृश्य अप्रतिम जमलंय. तर्काचं म्हणाल तर गडबड आहे: टीव्हीए काळाच्या बाहेर असेल तर तिला भूतकाळ कसा? आणि तिथे बदल केल्यावर फाटा न फुटता आठवणी का बदलतात? म्हणजे काळरेषेवर फाट्यांचा नियम आणि ऑफिसच्या आत असिमोव्हचा एकाच वास्तवाचा नियम, असं दोन्ही हातांनी खाणं चाललंय. मालिका यावर काही बोलत नाही.

सजावटीचं थोडक्यात. टीव्हीएचे तपकिरी-नारिंगी रंग, फुगीर काचेचे मॉनिटर, रांगा आणि टोकन बघून टेरी गिलियमचा 1985 चा 'ब्राझील' आठवतो. त्यात टाइप करणाऱ्या यंत्रात माशी पडते, टटल या आडनावाचं बटल होतं, आणि भलत्याच माणसाला उचलून नेतात. टीव्हीएच्या रांगेत टोकन घेतलं नाही म्हणून एक माणूस जागीच नाहीसा केला जातो, ते त्याच जातकुळीचं. पृथ्वी पाडायचे नकाशे शेजारच्या ताऱ्यावर रीतसर लावले होते, तुम्ही बघितले नाहीत तर आमचा काय दोष, असं म्हणणारे डग्लस अ‍ॅडम्सचे व्होगॉन, त्यांच्या विनोदी विज्ञानकथेतले परग्रहवासी, हेही याच खात्यातले. नॅटली होल्ट यांच्या संगीतात जो कापरा, हवेतून आल्यासारखा आवाज आहे तो थेरेमिनचा. हे वाद्य हात न लावता वाजवतात, आणि 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' या 1951 च्या चित्रपटात वापरल्यापासून तो परग्रहवासीयांचा आवाज होऊन बसलाय.

तिसरं उत्तर

आता मुख्य वादाकडे. पहिल्या सीझनच्या शेवटी लोकी आणि सिल्व्ही, म्हणजे दुसऱ्या फाट्यातली स्त्री-लोकी, काळाच्या टोकावरच्या वाड्यात पोचतात. टाइम कीपर्स यंत्राच्या बाहुल्या निघाल्यात. खरा मालक एकच माणूस आहे. तो म्हणतो, मी नसेन तर असंख्य फाटे फुटतील, त्यांतून माझ्याच असंख्य आवृत्त्या येतील आणि विश्वाविश्वांत युद्ध पेटेल. मी जुलमी असेन, पण शांतता माझ्यामुळे आहे. हा शुद्ध इटर्निटीचा युक्तिवाद. सिल्व्हीचं उत्तर हार्लनचं: मोडून टाका. ती त्याला मारते. लोकी म्हणत असतो, थांब, आधी विचार करू.

दुसरा सीझन म्हणजे त्या विचाराला लागलेला वेळ, आणि तो अक्षरशः शतकांचा आहे. फाटे इतके वाढतात की काळ विणणारा प्रचंड माग फुटायला येतो. लोकी पुन्हा पुन्हा मागे जातो, भौतिकशास्त्र शिकतो, माग वाचवायचा प्रयत्न करतो. शेवटी कळतं की माग फुटणं हाच मूळ बेत आहे: भार वाढला की माग पवित्र रेषा सोडून बाकी सगळं पुसतो. पर्याय दोनच दिसतात. सिल्व्हीला आधीच मारून जुनी व्यवस्था टिकवायची, किंवा सगळं मरू द्यायचं. लोकी मागच तोडून टाकतो, मरायला लागलेल्या फाट्यांचे धागे हातात धरतो, आणि त्यांच्या मधोमध एकटा जाऊन बसतो. धाग्यांचा आकार होतो झाडाचा, नॉर्स पुराणातल्या यग्द्रसिल या विश्ववृक्षाचा. सगळी जगं जगतात, कोणी छाटलं जात नाही, आणि ते तोलून धरणारा एक जण कायमचा अडकतो.

भावनेच्या दृष्टीने हा शेवट जबरदस्त आहे, सिंहासनासाठी वखवखलेल्या देवाला अखेर सिंहासन मिळतं ते असं. उर्सुला ले ग्विन यांच्या 1973 च्या ओमेलास नगरीच्या कथेत सगळ्यांच्या सुखासाठी एक मूल तळघरात कोंडलेलं असतं. इथे माणूस स्वतःहून त्या जागी जाऊन बसतो. पण वाद म्हणून पाहिलं तर मला असिमोव्ह जास्त धीट वाटतात. त्यांनी राखणदारच काढून टाकला आणि अणुबॉम्बसकट आपल्याला आपल्या भरवशावर सोडलं. 'लोकी'त राखणदार राहतोच, फक्त आता तो भला आहे. टीव्हीएसुद्धा राहते, छाटणी सोडून नुसती नजर ठेवायला. भल्या राखणदाराच्या जागी उद्या दुसरा कोणी बसला तर, हा प्रश्न मालिका विचारत नाही. विचारला असता तर पुढच्या चित्रपटांची पंचाईत झाली असती, हेही खरं.

मूळ कथा वाचायच्या असतील तर ब्रॅडबरीपासून सुरुवात करा, एका बैठकीत संपते. नारळीकर घरात असतीलच. 'द एंड ऑफ इटर्निटी'ची पहिली पन्नास पानं जरा कोरडी आहेत, आणि बाईच्या पात्राकडे बघायची तिची नजर 1955 ची आहे; तेवढं सोसलंत तर शेवटच्या दोन प्रकरणांत वसूल होतं. हाइनलाइन मात्र कागद-पेन्सिल जवळ ठेवून वाचा. बॉब विल्सन त्याच खोलीत, त्याच दुपारी, तीन वेगवेगळ्या वयांत हजर असतो, आणि कोणता बॉब कोणाला काय सांगतोय याचा हिशोब डोक्यात ठेवणं कठीण जातं.